पाच गुंजा कमी

माझ्या चांद्याच्या मामांइतका खरा माणूस उभ्या जिल्ह्यात सापडणार नाही, आणि इतक्या खऱ्या माणसाच्या घरात राहण्यापेक्षा एखाद्या बेताच्या खोटारड्याच्या घरात राहणं पुष्कळ सुखाचं, हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे. असं लिहिताना हात थोडा अडखळतो. त्यांच्याच घरी दोन वर्षं राहून, त्यांच्याच चुलीवरचं जेवून मी कॉलेजची पायरी चढलो. पोंभुर्ण्याच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. चांद्याला नुकतंच कॉलेज निघालं, तेव्हा धानाची पोती घेऊन निघालेल्या बैलबंडीत वडिलांनी मलाही बसवलं आणि मामांच्या दारात उतरवलं. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. त्या दिवशी मामा दुकानातून उठून आले, वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला आणि उठता उठता म्हणाले, "भासेबुवा, डावा पाय बाहेर टाकून चालता तुमी. चप्पल पाहा, एकीकडूनच झिजली." नमस्कार आणि खरडपट्टी एकाच वाकण्यात उरकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

चांदा म्हणजेच चंद्रपूर. कागदोपत्री आणि बोलण्यात मात्र आम्ही सगळे चांदाच म्हणतो. तिथे जटपुरा दरवाज्याच्या आत मामांचं काट्याचं दुकान. तराजूची वाकलेली दांडी सरळ करायची, दोन पारडी जुळवायची, झिजलेल्या लोखंडी वजनाच्या बुडातल्या भोकात शिसं भरून ते पुन्हा पुरं करायचं, एवढंच काम. मामांच्या आजोबांनी ते सुरू केलं, वडिलांनी चालवलं, आणि मामांनी त्याचा धर्म केला. चांद्यापासून पार आलापल्लीच्या जंगलापर्यंत ज्या ज्या बाजारात मीठ, मिरची, डाळ तोलली जाई, तिथली बहुतेक वजनं कधी ना कधी मामांच्या हाताखालून गेलेली. ती जुळवायची ती आजोबांच्या पितळी शेराशी. हा शेर आजोबांनी फार पूर्वी नागपूरच्या सरकारी कचेरीतल्या शेराशी ताडून आणलेला. दुकानात एका उंच पाटावर तांबड्या कापडात तो बसलेला असे. उघड्या हाताने त्याला शिवायचं नाही. मामा स्वतःसुद्धा त्याला कापडाने उचलत, तान्ह्या मुलाला उचलतात तसा. वर्षातून एकदाच तो मामीच्या हाती जाई. दसऱ्याला अवजारांची पूजा असते, तिच्या आदल्या दिवशी मामी सगळी अवजारं अंगणात घेई आणि शेराला चिंच आणि राख लावून असा घासे, की पूजेत तो देवाच्या मूर्तीपेक्षा जास्त चमके. त्या एका दिवशी मामांच्या तोंडून मामीचं कौतुक निघे. उरलेलं वर्ष ते वरणातल्या मिठाबद्दल बोलत.

वरणातल्या मिठाचा प्रश्न त्या घरात रोजचा होता. पहिला घास घेऊन मामा डोळे मिटत, आणि आम्ही जेवायचे थांबत असू, कारण निकाल लागायचा असे. "आज दोन गुंजा जास्ती." किंवा, "आज तीन कमी." गुंज म्हणजे जंगलातल्या वेलीवरचं ते लाल, काळ्या तोंडाचं बी, सोनार त्यानेच तोलतात. मामांच्या खिशात गुंजांची एक पुरचुंडी कायम असे. मामी एकदा वैतागून म्हणाली, "अजी, मीठ मी हातानं टाकते, काट्यानं नाई. अंदाजे टाकते." तो शब्द तिने उच्चारायला नको होता. 'अंदाजे' या शब्दाला त्या घरात बंदी होती. मामांनी ताट सरकवलं आणि अत्यंत शांतपणे सांगितलं, "अंदाजानं माणूस पाखरू मारते. संसार अंदाजानं नाई होत." मामी तेवढ्याच शांतपणे म्हणाली, "माझ्या बापानं तुमाले पाह्यलं थे अंदाजानंच पाह्यलं." मी वरणात बोट घालून खाली पाहत बसलो. कुणाच्या बाजूने हसावं ते मला कळलं नाही.

बाहेर तर आणखी पंचाईत. एका सावकाराच्या नातवाची देवळात गूळतुला होती. काटा मामांचा, म्हणून मामा हजर. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, भटजी मंत्र म्हणायला तयार, आणि मामांनी हात वर केला. "पोराचा करदोडा काढा. चांदीचा आहे. गूळ तुमी पोराच्या भाराचा बोलले, करदोड्याच्या नाई." करदोडा काढला. मग पायातले वाळे काढले. मग ओलं दुपटं काढलं. तोवर मूल असं भडकलं की पारडं क्षणभरही स्थिर राहीना, आणि हलत्या पारड्याचं वजन मामा सांगेनात. मुहूर्त टळला. सावकाराने नंतर वर्षभर आपला काटा मामांकडे पाठवला नाही, पण मामांना त्याचं दुःख नव्हतं. ते म्हणाले, देवाला तरी बरोबर गूळ गेला.

माझ्या कॉलेजातही मीच त्यांना घेऊन गेलो. ही चूक माझीच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवलेला नाजूक तराजू आला होता, आणि मामांना तो दाखवून आपण काहीतरी शिकतो आहोत हे सिद्ध करावं अशी माझी भोळी इच्छा. मामा त्या पेटीला नाक लावून तासभर उभे राहिले. प्राध्यापक मोठ्या कौतुकाने माहिती सांगत होते. शेवटी मामा म्हणाले, "साहेब, काटा सोन्यासारखा आहे. पण तुमचा टेबल डुगडुगते." आणि खरंच, टेबलाचा एक पाय नखभर आखूड निघाला. प्राध्यापकांनी मामांचे हात धरून आभार मानले. आमच्या वर्गाने मात्र वर्षभराचे सगळे प्रयोग पुन्हा केले, आणि कुणाच्या मामामुळे हे झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. घरी आल्यावर मामांनी मामीच्या कपाटाच्या चारही काचा काढल्या आणि दुकानातल्या लहान काट्याला पेटी केली. मामीच्या साड्या त्या दिवसापासून धूळ खाऊ लागल्या, पण काट्याला वारा लागेनासा झाला.

अशा माणसाला सरकारी परवाना मिळवून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

नवे पैसे येऊन थोडे दिवस झाले होते, आणि त्यांच्या मागोमाग शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम येणार हे नक्की झालं होतं. नव्या कायद्याप्रमाणे वजनं-काटे दुरुस्त करायला सरकारचा परवाना लागणार, आणि तो नसेल त्याने दुकान बंद करायचं. चांद्याच्या वाट्याला तूर्त एकच परवाना होता. नागपूरचा एक मोठा दुकानदार इथे शाखा काढायला टपून बसला आहे, असं बाजारात बोललं जाई. मामा साठीला टेकलेले. दुसरं कोणतंही काम त्यांना येत नव्हतं, आणि आलं असतं तर त्या कामाची मला कीव आली असती. मामी मला एकीकडे घेऊन म्हणाली, "भासेबुवा, तुमी शिकले. यायले कागदापुरतं तरी सांभाळा." मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. घरातला पहिला शिकलेला माणूस कोणत्याही कागदाला हो म्हणतो.

अर्जात पहिलाच प्रश्न होता, व्यवसाय किती वर्षांपासून. मी लिहिणार होतो, साठ. मामा म्हणाले, "अंदाजे लिहून राह्यले का तुमी?" आणि आजोबांनी दुकान नेमकं कोणत्या तिथीला उघडलं ते शोधायला ते मूल गावी एका दूरच्या म्हाताऱ्या आत्याकडे गेले. आत्याला एवढंच आठवलं की त्या वर्षी मोहाला बहर चांगला होता. तिथे आठ दिवस गेले. पुढचा प्रश्न दुकानाच्या लांबी-रुंदीचा. मामांनी सकाळी मोजलं, दुपारी मोजलं. टिनाचं छप्पर दुपारी तापून वाढतं, तर कोणतं माप खरं, असं त्यांनी मला विचारलं. मी दोन्ही लिहिली. मग त्यांनी पावसाळ्यात दार फुगतं तेही लिहायला लावलं. अर्जाला दोन पुरवण्या जोडून तो नागपूरला गेला, तेव्हा मला वाटलं, हा अर्ज वाचून तिथला कारकून एक तर परवाना देईल किंवा रजेवर जाईल.

उन्हाळ्याच्या तोंडाशी निरीक्षक आले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे असतील, पुण्याकडचे, चष्म्यावरची धूळ सारखी पुसणारे. त्यांनी दुकान पाहिलं, काचेची पेटी पाहून हसले, आणि तीन झिजलेली वजनं मामांपुढे ठेवली: दुरुस्त करून दाखवा. मामांनी दुकानाची दोन्ही दारं लावली, खिडकीला सतरंजी टांगली, आणि साहेबांना सांगितलं, "जरा श्वास तिकडे सोडा." तीन वजनं करायला त्यांनी अडीच तास घेतले. निरीक्षक घामाने निथळले, पण शेवटी आपल्या पेटीतल्या वजनांशी ताडून म्हणाले, "काका, नागपुरातसुद्धा इतकं चोख काम होत नाही." दाराच्या फटीतून मामी पाहत होती. मला वाटलं, झालं.

मग साहेबांचं लक्ष पाटावरच्या शेराकडे गेलं. सहज म्हणून त्यांनी तो सरकारी शेराशी तोलला. मामा बाजूला उभे होते, लग्नात मुलीचा बाप उभा असतो तसे. पारडं बसलं, आणि शेराचं पारडं किंचित, पापणी लववावी इतकं, वर राहिलं. निरीक्षकांनी बारीक वजनं टाकून पाहिली. मामांनी खिशातून गुंजा काढल्या आणि स्वतः एकेक टाकली. पाचव्या गुंजेला काटा मध्यावर आला.

"पाच गुंजा कमी," मामा म्हणाले. आवाज अगदी वरणाच्या वेळचाच होता.

साहेबांनी समजूत घातली. इतक्या फरकाला नियमात सूट आहे, शेर तर जाणारच आहेत, परवाना नव्या वजनांचा आहे. मग सहज विचारलं, "पितळ इतकं झिजत नाही एरवी. कशानं घासता का हा?"

दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात एका गुंजेचं खोटं बोलल्याचं मला माहीत नव्हतं.

"नाई साहेब," मामा म्हणाले. "कोरड्या कपड्यानं पुसतो फक्त. इथची हवाच खराब आहे. खाणीच्या कोळशाची."

निरीक्षकांनी मान डोलावली आणि परवान्याच्या कागदावर सही करायला पेन उघडलं. मामांनी त्या कागदावर तळवा ठेवला. "थांबा. मी घेऊ नाई शकत." मला वाटलं मी चुकून ऐकलं. मामा सांगू लागले: हा शेर लहानाचा लहान होत गेला, आणि त्याच्याशी जुळवलेली जिल्ह्यातली सगळी वजनंही तेवढीच कमी झाली. जंगलातला माणूस दोन कोस चालून बाजारात येतो, पळसाच्या पानात शेरभर मीठ बांधून नेतो. त्याच्या प्रत्येक शेरात पाच गुंजा मीठ मी खाल्लं. ती वजनं नीट केल्याशिवाय 'बरोबर' असा सरकारी कागद मी घरात लावणार नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला. मीही लावला असता, पण माझ्या हातात फाइल होती. ते म्हणाले, "काका, परवाना नाकारणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत." शेवटी त्यांनी मुदत दिली. ते पुढे दौऱ्यावर जाणार होते, एकवीस दिवसांनी परत चांद्यावरून जाणार. त्या दिवशी मामांनी परवाना हातात घेतला तर ठीक, नाहीतर अर्जदाराने नाकारला असा शेरा मारून फाइल नागपूरला, आणि मग जागा दुसऱ्याची.

त्या दिवशी घरात कुणी मिठाबद्दल बोललं नाही. मामांनी पाच गुंजा भाराची तांब्याची तार कापली, तिचं वेढं करून शेराच्या मुठीला घट्ट बसवलं. मामीने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "जोडवं घातलं का शेराले?" एवढंच. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली, म्हणजे संपली. मामा पुढे, कापडात बांधलेला शेर छातीशी. मी मागे, डोक्यावर शिशाच्या कांड्या, कानस, भाता आणि तो लहान काटा. मोटार जाईल तिथवर मोटारीने, पुढे बंडी, बंडीच्या पुढे पाय. गडचिरोलीकडचे बाजार, मग आलापल्लीच्या रस्त्यावरचे. ऊन असं की शिसं वितळवायला भात्याची गरज नव्हती, असं मी म्हटलं असतं, पण मामांनी तेही तपासून पाहिलं असतं. प्रत्येक बाजारात मामा दुकानदारापुढे हात जोडून उभे राहत आणि सांगत, तुमचं वजन मी कमी करून दिलं होतं, आता पुरं करून देतो. लोकांना वाटे, उन्हाने डोकं फिरलं. गडचिरोलीच्या पलीकडे एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "भाऊ, ज्या शेराचं आता मढं उचलाचं आहे, त्याले औषध कायले?"

"मरतानी तरी पुरा मरू दे," मामा म्हणाले, आणि त्याच्या ओट्यावर भाता मांडून बसले.

मी पायांकडे पाहत असे, डाव्या चपलेकडे विशेष. मनातल्या मनात मी मामांना असे असे बोल लावले की ते इथे लिहिणं बरं दिसणार नाही. एकदा मोठ्याने म्हणालोच, "मामा, किलो आल्यावर ही सगळी वजनं भट्टीत जाणार आहेत. आपण कशाला..." मामा झाडाच्या सावलीत थांबले, मला पाणी दिलं, आणि म्हणाले, "भासेबुवा, तुमची परीक्षा झाली न? कागद आता रद्दीत गेला असन. तरी चुकीचं उत्तर थे चुकीचंच राह्यलं का नाई?" ज्या प्रश्नाची मी सारी परीक्षा भीती बाळगली होती तोच त्यांनी विचारला, म्हणून मी शिशाच्या कांड्या पुन्हा डोक्यावर घेतल्या.

अठराव्या दिवशी आम्ही जंगलातल्या एका बाजारात होतो. अजून तीन बाजार राहिले होते आणि परतीलाच तीन दिवस लागणार होते. मला ते गणित येत होतं, मामांनाही येत होतं. मोहाच्या झाडाखाली मिठाचं दुकान. दुकानदार आधीच चिडलेला, कारण मामा येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही त्याचं वजन कमी असल्याचं सांगत होते. समोर एक गोंड म्हातारी बसलेली, पुढ्यात चारोळीची टोपली, हातात पळसाच्या पानांचा दोना. तिला मीठ हवं होतं आणि मामांनी शेर ताब्यात घेतलेला.

"बाबू, किती वेळ? मले घरी जाचं आहे," ती म्हणाली.

मामा तिच्यापुढे उकिडवे बसले. माझ्याशी किंवा साहेबांशी बोलले नसतील इतक्या हळू त्यांनी तिला सगळं सांगितलं: माझ्या शेरात खोट होती, वर्षानुवर्षं तुला प्रत्येक शेरात एवढं मीठ कमी आलं. आणि तळहातावर पाच गुंजा ठेवून दाखवल्या. म्हातारीने वाकून त्या पाहिल्या, मग मामांच्या तोंडाकडे पाहिलं, मग शेजारणीला गोंडीत काहीतरी सांगितलं, आणि दोघी हसत सुटल्या.

"कमी कसं येईन? तोलल्यावर वरून चिमूट घेतल्याबिगर मी उठतच नाई."

दुकानदार कुरकुरला. "नाईच उठत न बाप्पा हे. इथी कोणीच उठत नाई. थे चिमूट देऊ देऊ मी बुडलो."

"पण थे तर वरचं झालं," मामा म्हणाले. "थे मापातलं नाई, बाई."

"वरचं-खालचं तू पाह्य," म्हातारी म्हणाली. "हातात आलं थे माझं."

मामांनी काचेची पेटी नसलेला तो लहान काटा झाडाच्या फांदीला टांगला आणि दुकानदाराला म्हणाले, दे हिला चिमूट, नेहमी देतोस तशी. ती चिमूट त्यांनी तोलली. वारा होता, म्हणून मला काट्याच्या एका बाजूला उभं केलं, शेजारणीला दुसऱ्या बाजूला. आठ गुंजा भरल्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाची तोलली. सात आणि वर थोडं. तिसऱ्याची नऊ. पाचाच्या खाली एकही उतरली नाही. मामा कितीतरी वेळ त्या पारड्याकडे पाहत राहिले. मामांच्या आजोबांच्या शेरावर, सरकारी कचेरीवर किंवा कुणाच्याच काट्यावर भरवसा न ठेवता ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या उठायच्या आधी हात पुढे करत आली होती. मला एक वाक्य सुचलं होतं, पण ते मामांनीच म्हणायचं होतं.

"अंदाजे," मामा म्हणाले, आणि थांबले. तो शब्द त्यांच्या तोंडात नव्या दातासारखा अवघडत होता. "अंदाजे बरोबर आहे."

मग त्यांनी दुकानदाराचा शेर तेवढा पुरा करून दिला, कारण हातात घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही, आणि सामान बांधायला सुरुवात केली. म्हातारी तिचा दोना घेऊन उठली. जाता जाता वळली, दोन्यातलं मीठ चिमटीत घेऊन मामांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "तुले कमी पडलं असन तं हे घे." मामांनी ते तोललं नाही. शेराच्या तांबड्या कापडाच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

आम्ही एकविसाव्या दिवशी दुपारी चांद्याला पोचलो. निरीक्षक मामीच्या हातचा चहा घेत दुकानात बसले होते आणि माझ्यासारखेच वैतागलेले दिसत होते. मामांनी हातपाय धुतले, दोन्ही हातांनी परवाना घेतला आणि त्यात दुकानाची लांबी कोणत्या वेळची लिहिली आहे ते विचारलं. मामीने कापडाची गाठ सोडली, हे काय आणलं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून तिने ते मीठ सरळ वरणात टाकलं. रात्री पानावर बसून मामांनी पहिला घास घेतला. आम्ही थांबलो. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि दुसरा घास घेतला.

जूनमध्ये मी पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला आलो. इथल्या खोलीखाली किराण्याचं दुकान आहे. तिथे नवी वजनं आली आहेत, चकचकीत, शिक्का मारलेली. दुकानदार मीठ देतो तेव्हा काटा अगदी मध्यावर उभा राहतो, मामांना आवडावा असा. पुडी बांधून झाल्यावरही मी क्षणभर हलत नाही. तो विचारतो, अजून काय पाहिजे? मी म्हणतो, काही नाही.

दसऱ्याला चांद्याला गेलो होतो. अंगणात पाट मांडलेला, त्यावर कानस, हातोडी, भाता, नवी सरकारी वजनं, सगळं घासूनपुसून लखलखीत. मधोमध आजोबांचा शेर, गळ्यात तांब्याचं वेढं, आणि वर्षभराच्या हवेने काळवंडलेला. त्याला चिंच लागलीच नव्हती. मामा हळदकुंकवाची वाटी घेऊन आले आणि थबकले.

"शेर काऊन घासला नाई?"

मामी फुलं मांडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"हवा खराब आहे म्हणे न इथची," ती म्हणाली. "कोळशाची."

मामांनी वाटी खाली ठेवली. मग बोटावर कुंकू घेतलं आणि त्या काळ्या शेराला, अगदी हलक्या हाताने, उघड्या बोटाने लावलं.